चेल्लम्माच्या माहेरचं आडनाव

माझ्या सासूबाईंचं नाव चेल्लम्मा. कपाळाला विभूती, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, घरात सारोंग आणि बाहेर साडी. चेहरा मात्र थेट माझ्या मावशीचा, म्हणजे आमचा चिनी. मलेशियातल्या आमच्या कांपारच्या बाजारात कुणी नवा भाजीवाला आला की तो आधी त्यांच्याशी आमच्या कॅन्टनीजमध्ये सुरू व्हायचा आणि त्या त्याला तमिळमध्ये भाव विचारायच्या. मग तो बिचारा माझ्याकडे बघायचा. मी चिनी, त्या चिनी, आणि आम्ही दोघी कोबीच्या गड्ड्यावरून तमिळमध्ये हुज्जत घालतोय हे बघून त्याचं वजनात लक्ष राहायचं नाही. आमचं फावायचं.

अम्मांना काही वाटत नसे. हे मी रागाने म्हणत नाही, जे पाहिलं ते सांगते. सासरे लाकडाच्या वखारीत ओंडक्याखाली सापडून गेले तेव्हा निरोप घेऊन माणूस दारात आला. अम्मा कपड्यांच्या घड्या घालत होत्या. उरलेल्या तीन घड्या घालून झाल्यावर त्या उठल्या. आमच्या लग्नाची पत्रिका माझ्या वडिलांनी न उघडता परत पाठवली, तेव्हा मी घर सोडून यांच्याकडेच आले होते; दोन दिवस उशीत तोंड खुपसून होते. अम्मा आत आल्या, ताट ठेवलं, "थंड होतंय" म्हणाल्या आणि गेल्या. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता. बाई आहे की भिंत, असं मी कदिरला म्हटलंही. कदिर, म्हणजे कदिरेसन, माझा नवरा. तो म्हणाला, "ती अशीच आहे. तिला रडताना मी पाहिलेलंच नाही."

मग मला मुलगी झाली आणि मलाही काही वाटेनासं झालं.

आनंद होईल असं सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं. नर्सने ती माझ्या कुशीत ठेवली तेव्हा बसमध्ये कुणीतरी आपली पिशवी आपल्या मांडीवर ठेवावी तसं झालं. पडू नये म्हणून धरली, एवढंच. घरी आल्यावरही तेच. ती रडली की मी पाजायची, गप्प झाली की छताकडे बघायची. छताला एका कोपऱ्यात गळतीचा डाग होता, त्याच्या कडा मला पाठ झाल्या होत्या. अम्मांनी एकदाच माझ्याकडे नीट पाहिलं, पोर उचलून स्वतःच्या पसरलेल्या पायांवर घेतली आणि तिला तेल लावायला बसल्या. समजूत घातली नाही, उपदेश केला नाही. पहिल्यांदाच मला त्या भिंतीचा आधार वाटला.

पाचव्या दिवशी माझे वडील आले. तीन वर्षांनी. हातात काळ्या कोंबडीचं कालवण, आल्याची पिशवी आणि तांदळाच्या दारूची बाटली. त्यांचं मोठ्या रस्त्यावर जडीबुटीचं दुकान आहे आणि अर्ध्या कांपारातल्या पोरांची नावं त्यांनी ठेवलेली आहेत. जन्मवेळ बघायची, पंचांग चाळायचं, प्रत्येक अक्षराला कुंचल्याचे किती फटकारे लागतात ते मोजायचं, असा त्यांचा तास दोन तासांचा कारभार असतो. इकडे अम्मा मला लसूण आणि सुक्या मोरी माशाचं कालवण खायला घालत होत्याच. आता त्यावर काळी कोंबडीही आली. दोन जातींचं बाळंतपण एकाच पोटात चाललं होतं आणि मला कशालाच चव लागत नव्हती.

"नाव ठरलं का?" पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खुर्चीवर टेकता टेकता विचारलं.

"कयल," मी म्हटलं. "देवळातल्या गुरुजींनी 'क' काढून दिला."

"ते तमिळ झालं. आपलं काय?"

"एक नाव पुरत नाही का, पा?"

"उद्या ती माझ्या दुकानात येईल. काय हाक मारू? कयल? माझ्या जिभेला फोड येईल."

"मग तुम्हीच ठेवा एखादं. पुढे फूंग लावा आणि मोकळे व्हा."

फूंग हे आमचं आडनाव. पांनी चहाचा पेला खाली ठेवला. "फूंग कसं लावू? मुलाची मुलगी आहे का ती? मुलीची मुलगी परक्या घरची. आडनाव बापाचं लागतं."

"तिच्या बापाला आडनाव नाही. यांच्यात बापाचं नाव लावतात."

"आणि त्या बापाला?"

"त्याच्या बापाचं."

"कमाल लोक आहेत."

कदिर कोपऱ्यात टेबलफॅन उघडून बसला होता. मान वर न करता म्हणाला, "मामा, आम्हाला एकच नाव पुरतं. तेही काही जण घेत नाहीत."

पांनी या जावयाला आजवर नावाने हाक मारली नव्हती. 'तो', 'तुझा माणूस', 'ते गृहस्थ' असं चालायचं. त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. मग त्यांची नजर अम्मांकडे गेली. त्या खाली चटईवर पाय पसरून पोरीच्या पाठीला तेल चोळत होत्या. पा बराच वेळ बघत राहिले.

"विहीणबाई," ते म्हणाले, "तुमचं मूळचं आडनाव काय?"

अम्मा म्हणजे तमिळ घरात वाढवलेली चिनी मुलगी, हे सगळ्यांना ठाऊक होतं, तोंडावरच लिहिलेलं होतं. आमच्या बाजूला अशा किती तरी बायका आहेत. कथलाच्या खाणी बसल्या, घरात खाणारी तोंडं जास्त झाली, की मुलगी द्यायची. आणि तमिळ माणसं मुलगी घ्यायला नाही म्हणत नसत. हे इतकं साधं होतं की कुणी कुणाला विचारत नसे. तीन वर्षं मी या बाईच्या हातचं खात होते. मीही विचारलं नव्हतं. त्या क्षणी त्याची थोडी लाज वाटल्याचं आठवतं, पण तीही दूरवरून, दुसऱ्या कुणाची असावी तशी.

"क्वान," अम्मा म्हणाल्या.

तमिळ माणूस म्हणेल तसं नाही. आमच्या बोलीत, आवाजाच्या नेमक्या चढउतारासकट.

"कुठले क्वान?"

"बाजारातले. टोफूवाले."

कदिरच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. पा पुढे सरकले. "ते? साम-जेचं दुकान?"

साम म्हणजे तीन आणि जे म्हणजे ताई. आमच्यात पोरांना नावाने कमी आणि नंबराने जास्त हाक मारतात. टोफूच्या फळीमागे उभ्या राहणाऱ्या त्या बाईला सगळा बाजार साम-जे म्हणतो, तिसरी ताई. पा आपल्या बोटांवर मोजू लागले. "थोरली इपोहला दिलीय, तिची दम्याची औषधं माझ्याकडून जातात. मग भाऊ. पण बहिणी म्हणाल तर थोरली आणि ही तिसरी. मधली मला कधी दिसलीच नाही. मला वाटायचं, लहानपणीच वारली असेल."

"नाही वारली," अम्मा म्हणाल्या आणि तळव्यावर आणखी तेल घेतलं.

कदिर त्यांच्याकडे टक लावून बघत होता.

"अम्मा, तू रोज सकाळी तिथे जातेस. आपल्या घरात टोफू कुणालाच आवडत नाही. अप्पांना नाही, मला नाही. तू स्वतः खात नाहीस. इतकी वर्षं आपण तो शेजाऱ्यांच्या कोंबड्यांना घालतोय."

"हो."

"मग?"

"लोक साम-जे, साम-जे करतात," अम्मा म्हणाल्या. "ऐकून येते."

बाकीचं त्यांनी त्या आठवड्यात तुकड्यातुकड्याने सांगितलं, तेही मी विचारलं तेव्हा. चिनी पंचांगातल्या वाघाच्या वर्षात जन्म, त्यातून वेळ वाईट. ज्योतिषाने बापाला सांगितलं की ही पोर तुझ्या मुळावर येईल. चाळीस दिवस ठेवून घेतली. मग रबराच्या मळ्यावर काम करणारा मारियप्पन सायकल घेऊन आला. त्याला आणि त्याच्या बायकोला, काट्टायीला, मूल नव्हतं. त्याने लाल पाकिटात काहीतरी ठेवलं आणि मुलगी टोपलीत घालून घेऊन गेला. पुढे तिसरी जन्मली त्या वर्षी बाप वारला. "पाठवायला उशीर केला असं वाटलं असेल त्यांना," अम्मा म्हणाल्या. त्या बारा वर्षांच्या झाल्या तेव्हा काट्टायीने बाजारात बोट करून दुकान दाखवलं. तेव्हा त्यांना काय वाटलं, हे मी विचारलं. त्यांनी खरंच आठवून पाहिलं. "गर्दी होती," म्हणाल्या.

"आणि तुमची आई?"

"आहे की. मागे स्टुलावर बसून मोडांच्या शेपट्या खुडते. दिसते रोज."

पांचं मात्र ठरलं होतं. आडनाव सापडलं, पण ते तसंच उचलून लावायला ते तयार नव्हते. "दिलेली मुलगी म्हणजे घरातून वजा झालेली," ते मला म्हणाले. "त्यांनी स्वतःच्या तोंडाने हो म्हटलं पाहिजे. मी न विचारता लिहिलं तर ते नाव नाही, ती चोरी झाली. त्यांचे पूर्वज या पोरीला ओळखायचे नाहीत आणि आपले आधीच ओळखत नाहीत."

"तुमच्या पूर्वजांना तुमच्या जावयाचं नाव तरी कळलंय का?" मी म्हटलं. पा उठून आपली छत्री शोधू लागले.

खरं तर मला आडनावाशी काही देणंघेणं नव्हतं. पोरीला नंबर दिला असता तरी चाललं असतं. पण जन्माची नोंद चौदा दिवसांत करायची होती आणि कदिरला दोन्ही नावं एकाच कागदावर हवी होती. त्याने आयुष्यभर बघितलं होतं की आईचा चेहरा एक सांगतो आणि ओळखपत्र दुसरंच. "माझ्या पोरीला कुणी विचारलं की तू कोण, तर तिच्याकडे पूर्ण उत्तर असू दे," तो म्हणाला. एवढं लांब वाक्य तो सहसा बोलत नाही. शेवटी अम्माच म्हणाल्या, "बाराव्या दिवशी अंडी द्यायचीतच ना. तेव्हा विचारते."

आमच्याकडे बाराव्या दिवशी बाळंतिणीच्या माहेरी लाल अंडी पाठवतात. मूल झालं, सुखरूप आहे, हे सांगायची रीत. घेणाऱ्याने टोपली रिकामी परत करायची नसते. अर्धी अंडी ठेवून घ्यायची, अर्धी परत द्यायची, म्हणजे नातं मान्य. सगळीच्या सगळी परत आली तर समजून घ्यायचं की दार बंद आहे. माझ्या लग्नानंतर माझ्या घरून असं काय काय परत आलं होतं, ते मला ठाऊक होतं.

बाराव्या सकाळी अम्मांनी मोठ्या पातेल्यात अंडी उकडून रंगात सोडली. हात मनगटापर्यंत लाल झाले. मला बाहेर जायची बंदी होती, केस धुवायचीही बंदी होती, म्हणून मी दारातून बघत होते. त्यांनी दोन टोपल्या भरल्या.

"एक तुझ्या माहेरी," त्या म्हणाल्या.

"आणि दुसरी?"

"माझ्या."

असा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. तो त्यांनी मीठ संपलंय हे ज्या आवाजात सांगायच्या त्याच आवाजात म्हटला. त्यांनी साडी बदलली, विभूती लावली आणि कदिरच्या मोटरसायकलवर मागे बसून गेल्या.

पुढचं मला कदिरने सांगितलं. तो गाडी बाजूला लावून फळीपासून चार हातांवर उभा होता.

दुकानात नेहमीची गर्दी होती. साम-जेने अम्मांना पाहिलं आणि सवयीने दोन टोफू पानात बांधले. अम्मांनी ते घेतले नाहीत. त्यांनी टोपली फळीवर ठेवली आणि कॅन्टनीजमध्ये म्हणाल्या, "मला नात झाली."

शेजारची एक गिऱ्हाईक म्हणाली, "अगं बाई, ही आपल्यासारखं बोलते की." कदिर म्हणतो की साम-जे अम्मांच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती, त्यांच्या लाल हातांकडे बघत होती. मग तिने फडक्याला हात पुसले आणि टोपली उचलून मागे नेली. म्हातारी स्टुलावर होती, पुढ्यात मोडांची परात. अम्मा फळीच्या कडेने दोन पावलं आत गेल्या आणि थांबल्या. इतक्या वर्षांत त्या फळीच्या आत कधी गेल्या नव्हत्या.

"कुणाकडचं?" म्हातारीने विचारलं.

"रोजचं गिऱ्हाईक आहे, तिच्याकडचं," साम-जे म्हणाली.

"मुलगा?"

"मुलगी."

"मुलगी का," म्हातारी म्हणाली. "बरं." तिने एक अंडं घेतलं, स्टुलाच्या पायावर फोडलं, सोलून खाल्लं. मग दुसरं घेतलं. दुसरं खाता खाता तिने अम्मांकडे पाहिलं. विभूती, चमक्या, साडी, सगळं वरून खालपर्यंत.

"यांच्यातही अंडी लाल करतात?"

"करतात," अम्मा म्हणाल्या.

म्हातारीने मान हलवली आणि परत शेपट्या खुडायला लागली. अम्मा उभ्या होत्या. कदिर सांगतो की तो मनातल्या मनात म्हणत होता, विचार आता, विचार. साम-जेने अर्धी अंडी काढून घेतली, अर्धी टोपलीत ठेवली, रीतीप्रमाणे. वर ते दोन टोफू ठेवले आणि टोपली अम्मांच्या हातात दिली. अम्मांनी कमरेचा बटवा सोडून टोफूचे पैसे काढले. राहू द्या, असं साम-जे म्हणेल असं कदिरला वाटलं. तिने पैसे घेतले आणि सुटे परत दिले.

"मी म्हटलं, अम्मा, विचारलंस का?" कदिर मला म्हणाला. "तर म्हणाली, गाडी चालू कर." तो हे सांगत होता तेव्हा अम्मा मागच्या अंगणात कोंबड्यांना टोफू घालत होत्या.

तेराव्या दिवशी पा आले. लाल कागद, दौत, कुंचला, सगळं फडक्यात बांधून आणलं होतं. आदल्या दिवशी माझ्या माहेरच्या टोपलीतली अर्धी अंडी त्यांनी ठेवून घेतली होती, त्यामुळे मला त्यांच्याकडे बघताना थोडं सैल वाटत होतं. त्यांनी नाव काढलं होतं, सिन यी. फटकारे जुळत होते, वेळ जुळत होती. फक्त पुढची जागा मोकळी होती.

"विचारलंत, विहीणबाई?"

कदिर जमिनीकडे बघू लागला. मी पोरीला पाजत होते. अम्मा दाराशी बसून लसूण सोलत होत्या.

"विचारलं," त्या म्हणाल्या.

"काय म्हणाले?"

"लावा म्हणाले."

"कोण म्हणालं?"

"आई."

पांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. जडीबुटीच्या दुकानात चाळीस वर्षं काढलेला माणूस, समोरच्याच्या दुखण्यातलं खरं किती आणि खोटं किती हे त्यांना जीभ न बघता कळतं. मग त्यांची नजर कपाटावर ठेवलेल्या टोपलीकडे गेली. तिच्यात पाच लाल अंडी होती.

"अर्धी ठेवून घेतली?"

"हो. आईने दोन खाल्ली पण."

एवढं खरं होतं. पा कागदावर वाकले. माझ्या आत तेव्हा काहीतरी हललं, बाळंतपणानंतर पहिल्यांदाच. भीती होती ती. कदिर तोंड उघडेल अशी भीती, आणि मी स्वतः उघडेन अशी त्याहून जास्त. मी पोरीला घट्ट धरलं. ती रडायला लागली तरी सैल सोडलं नाही. पांनी कुंचला दौतीत बुडवला, काठावर निथळला आणि वरून खाली लिहिलं. क्वान. त्याखाली सिन यी. शाई वाळेपर्यंत ते कागदाच्या कडा धरून बसले.

"कदिरेसन," पा म्हणाले, "उद्या सकाळी लवकर जा नोंदीला. दहानंतर रांग लागते."

कदिरने चमकून पाहिलं. पा छत्री घेऊन पायऱ्या उतरत होते.

ते गेल्यावर मी खोलीतून बाहेर आले. अम्मांचा लसूण संपत आला होता. मी त्यांच्यासमोर खालीच बसले. बाळंतिणीने फरशीवर बसायचं नसतं, पण त्या काही म्हणाल्या नाहीत.

"अम्मा, तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"वाईट नाही वाटत?"

त्यांनी शेवटची पाकळी सोलली. साल फुंकून टाकली. त्यांच्या नखांत अजून लाल रंग होता. मी पाहिलं की त्यांची हनुवटी थरथरतेय. डोळे कोरडेच होते.

"आजवर त्या दुकानातून जे जे आणलं ते पैसे देऊन आणलं," त्या म्हणाल्या. "हे एक तसंच आणलं. माझंच होतं."